हिच नंतर घ्या, आधी काट्यावर चढा

शाळा सुटायला महिना राहिला की या सदराला ट्रेलरचे, म्हणजे ट्रकमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या घराचे प्रश्न यायला लागतात, दरवर्षीचं आहे. यावेळी तर सगळी पत्रं त्याचीच, आणि सगळ्यांना एकच हवंय, कुठला हिच (ट्रेलर ट्रकला जोडायचा सांधा) घेऊ त्याचं नाव सांगा. नाव सांगते, पण लगेच नाही. पहिल्या पत्राला जागा जरा जास्त दिलीय कारण त्यात बाकीच्यांचे निम्मे प्रश्न येऊन जातात.

प्रश्न: ताई, आम्ही एक ट्रॅव्हल ट्रेलर बघून ठेवलाय, 28 फुटी, मुलांसाठी बंक बेडवाला. रिकामं वजन 5,900 पाउंड, जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरून जास्तीत जास्त वजन, 7,600. ट्रक फोर्डचा एफ-150 पिकअप आहे, 3.5 इकोबूस्ट इंजिन, टोइंग (ओढायची) कपॅसिटी 11,000 च्या वर. डीलर म्हणतो बिनधास्त न्या, तुमच्या हातात अजून साडेतीन हजार पाउंड आहेत, फक्त वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावून घ्या. जूनमध्ये कऱ्हाडहून आई-बाबा येतायत, तेव्हा आम्ही दोघं, दोन मुलं आणि ते दोघं असे सहाजण कोलोरॅडोला जायचं ठरतंय. बाबांना ट्रेलरचा फोटो पाठवला तर त्यांनी आधी विचारलं, "ह्येचं वझं गाडीच्या कुठल्या चाकावर येतं रं?" मला काही सांगता आलं नाही. कुठला हिच घेऊ? आणि दाराच्या स्टिकरवर 1,480 पाउंड असं काहीतरी लिहिलंय, ते यात धरायचं असतं का?
(फ्रिस्को, टेक्सास)

उत्तर: बाबांना माझा नमस्कार सांगा, डीलरने जे विचारायला हवं होतं ते त्यांनी विचारलंय. त्यांनी उसाच्या ट्रॉल्या बघितल्यात ना, कारखान्याच्या रस्त्याला चढ आला की ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतं आणि ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवतोय पण पुढची चाकं हवेत, वळणार कशी. तुमच्या ट्रकचं अगदी तसंच होतं, फक्त चाक हवेत जात नाही म्हणून कळत नाही एवढंच. ट्रेलरची टंग, म्हणजे पुढची दांडी, ट्रकच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर, बॉलवर, बसली की ते वजन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे, तीनचार फूट लांब पडतं, सी-सॉसारखं. म्हणजे मागची चाकं नुसतं टंगचं वजन घेत नाहीत तर पुढच्या चाकांवरचंही ओढून घेतात, आणि पुढची चाकं म्हणजे तुमचं स्टिअरिंग आणि ब्रेकचा मोठा वाटा.

आता तो 1,480 चा आकडा. यात धरायचा असतो का म्हणताय, अहो सगळा हिशोब तोच आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर ते पांढरंपिवळं स्टिकर असतं, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून याच्यावर कधीही जाऊ नका. याला पेलोड म्हणायचं. 11,000 चा आकडा जाहिरातीतला आहे, तो खोटा नाही, एसएई या वाहन इंजिनियरांच्या संस्थेचं जे 2807 नावाचं टोइंगचं मानक आहे त्याप्रमाणे चाचण्या करूनच काढलेला असतो, पण त्या चाचणीत ट्रकमध्ये ड्रायव्हर आणि एक पॅसेंजर, दीडदीडशे पाउंडाचे, एवढीच माणसं धरतात. सासूसासरे, कूलर, पोरांच्या सायकली, चकल्यांचा डबा त्यात कोणी धरलेलं नाही. आणि सनरूफ, मोठी चाकं, पॉवरच्या पायऱ्या असं जे जे आपण हौसेने घेतो ते सगळं पेलोडमधून वजा होऊन मगच स्टिकर छापलेलं असतं, म्हणून शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलचा आकडा आपल्याला चालत नाही.

मांडू या. तुमच्या घरचे सहाजण, मी अंदाजाने 750 पाउंड धरते (कोणी रागावू नका). वेट डिस्ट्रिब्युशन हिचचं स्वतःचंच वजन 80-90 पाउंड असतं, लोक हे हमखास विसरतात. ट्रकच्या बेडमध्ये हत्यारं, लाकडाच्या फळ्या, कूलर मिळून 100 धरा. झाले 940. 1,480 मधून उरले 540. आता ट्रेलर. रिकामा 5,900 म्हणजे खरंच रिकामा, त्यात बॅटरी नाही, गॅस नाही, चादर नाही, कुकर नाही. आपण मराठी माणसं कॅम्पिंगला जाताना पण मिक्सर नेतो. तुमचा ट्रेलर रस्त्यावर 7,000 च्या खाली राहणार नाही हे लिहून घ्या. टंगवर एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के हवंच हवं, मी 13 धरते, म्हणजे 910 पाउंड. हातात 540, लागतायत 910.

म्हणजे हिच कुठलाही घ्या, 400 डॉलरचा किंवा 3,000 चा, सहाजणांसकट हा ट्रेलर या ट्रकला बसत नाही. वेट डिस्ट्रिब्युशन हिच टंगच्या वजनातला थोडा भाग ट्रेलरच्या चाकांकडे मागे ढकलतो हे खरंय, साधारण दीडशे पाउंड म्हणा, पण पावणेचारशेचा खड्डा त्याने भरत नाही.

मग करायचं काय? आई-बाबा दुसऱ्या गाडीत, तुमच्या मिसेस ती गाडी चालवतील, आणि ट्रकमध्ये तुम्ही आणि दोन मुलं. असं केलंत तर बसतं. सगळ्यांना एकाच गाडीत जायचं असेल तर भरल्यावर चार-सव्वाचार हजाराच्या वर जाणार नाही असा छोटा ट्रेलर बघा, किंवा पाऊणटनी ट्रक घ्या, म्हणजे 250/2500 वाले, त्यांचं पेलोड अडीच-तीन हजाराच्या घरात असतं. आणि हो, पुढच्या वर्षी काय हा विचार आत्ताच करा, मुलं वाढतात, स्टिकर वाढत नाही. आई-बाबांना चालत्या ट्रेलरमध्ये बसवायचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. कायदा राज्याराज्यात वेगळा आहे, पण आत सीटबेल्ट नाही आणि चुलीवरचं कपाट डोक्यात उघडतं, मला एवढं पुरतं.

आता हिच. एवढ्या वजनाला नुसता बॉल आणि ड्रॉबार (बॉल बसवायचा दांडा) चालणार नाही. ट्रकच्या मागच्या रिसीव्हरवर, म्हणजे हिच ज्यात घुसवतात त्या चौकोनी नळ्यावर, एक स्टिकर असतं, वाकून बघा, त्यावर दोन ओळी असतात. माझ्या ट्रकवर वरच्या ओळीत 5,000 आणि 500 आहे, खालच्या ओळीत 11,000 आणि 1,100, पहिला आकडा ट्रेलरचा, दुसरा टंगचा. वरची ओळ साध्या बॉलसाठी, खालची वेट डिस्ट्रिब्युशनसाठी. म्हणजे टंग 500 च्या वर गेली की वेट डिस्ट्रिब्युशन ही हौस नाही, सक्ती आहे. तुमच्यावर काय लिहिलंय ते तुम्ही वाचा.

ह्या हिचमध्ये होतं काय, तर दोन जाड स्प्रिंग बार असतात, हिचच्या डोक्यातून निघून ट्रेलरच्या फ्रेमच्या दोन्ही बाजूंनी मागे जातात आणि फ्रेमवरच्या ब्रॅकेटवर किंवा साखळीवर ताण देऊन बसवतात. एकचाकी ढकलगाडीचे दांडे उचलल्यावर वजन जसं चाकाकडे जातं ना तसंच, बार वर दाबले की ट्रकच्या बुडावरचा भार उचलला जातो, थोडा पुढच्या चाकांकडे परत येतो, थोडा ट्रेलरच्या चाकांवर जातो. बार टंगच्या वजनाला जुळणारे घ्यायचे. तुमचं 910, त्यात बेडमध्ये मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे ठेवलेलं सामानही मिळवायचं, कारण त्याचाही उचल बारलाच द्यावा लागतो. 1,000 पाउंड टंग आणि 10,000 ट्रेलर असा जो सेट मिळतो तो अगदी काठावर येतो, बेडमध्ये मागे सामान ठेवणार असाल तर 1,200 चा घ्या. गरजेपेक्षा फार कडक बार घेतले तर ट्रेलर खड्ड्याखड्ड्यावर थडथडतो आणि फ्रेमला विनाकारण मार बसतो. जास्त म्हणजे जास्त सुरक्षित, असं इथे नाही.

नाव हवं होतं ना, चार-पॉइंटवाले घ्या, म्हणजे ज्यात स्वे (ट्रेलरची शेपटी डावीउजवीकडे डोलणं) कंट्रोल बारच्या घर्षणातूनच आतल्याआत मिळतो, वेगळा दांडा लावावा लागत नाही. इक्वलायझर फोर-पॉइंट हे त्यातलं सगळ्यात माहितीतलं नाव, युटाच्या प्रोव्होमध्ये बनतं. ब्लू ऑक्सचा स्वेप्रो पण चांगला, त्याची रचना थोडी वेगळी आहे, साखळ्यांची. मी इक्वलायझर वापरते, त्याबद्दल खाली कॅलिफोर्नियाच्या पत्रात लिहिलंय.

पण खरं सांगू, हिच चांगला असून सामान चुकीचं भरलं तर काय होतं ते मी स्वतः बघितलंय. आमचा पहिला ट्रेलर, दुसरीच ट्रिप. फ्लॅगस्टाफहून फिनिक्सला आय-17 ने खाली येत होतो. मागच्या बंपरवर नवऱ्याने चार सायकलींचा रॅक लावलेला, आणि पाण्याची टाकी भरलेली, ती टाकी आमच्या ट्रेलरमध्ये अ‍ॅक्सलच्या मागे आहे. 40 गॅलन पाणी म्हणजे 330 पाउंडाच्या वर. सनसेट पॉइंट सोडलं की ब्लॅक कॅन्यन सिटीपर्यंत मोठा उतार आहे, तिथे बाजूने एक अठराचाकी गेला. आधी त्याच्या हवेने ट्रेलर बाहेर ढकलला गेला, मग आत ओढला गेला, आणि मग तो थांबेचना. आरशात आधी ट्रेलरची उजवी बाजू दिसायची मग डावी, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. ट्रकचं बूड आपलं आपण सरकत होतं. मी पाय ब्रेककडे नेला आणि नेमकं आठवलं की तेच करायचं नसतं, तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, आणि ब्रेक कंट्रोलरची हाताने दाबायची पट्टी असते ती दाबली. त्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, म्हणजे मागून कोणी शेपटी धरून ओढल्यासारखं होतं आणि सगळं एका रेषेत येतं. पाचसहा सेकंद असतील. त्यानंतर ब्लॅक कॅन्यन सिटीपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही, नवरा तर नाहीच.

आपल्याकडे बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ झाली म्हणतात, जू वर उचलतं आणि बैलांचे गळे आवळतात. म्हणून गाडीवान नेहमी थोडं ओझं पुढे ठेवायचा. टंगवर 10-15 टक्के हवं म्हणतात ते हेच. टंग हलकी म्हणजे ट्रकला बरं, असं वाटून लोक सामान मागे सरकवतात आणि बरोब्बर उलटं करून ठेवतात. त्या दिवशी आमची टंग नंतर मोजली तर 8 टक्के निघाली. स्वे कंट्रोल होता, ट्रकचा स्वतःचा इलेक्ट्रॉनिक स्वे कंट्रोलही होता, पण उलाळ गाडीला हे सगळं म्हणजे ताप आल्यावर कपाळावर पट्टी. सायकली आता ट्रकच्या बेडमध्ये असतात.

त्यामुळे हिच बसवल्यावर काट्यावर जा. मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतात, पंधराएक डॉलर लागतात आणि त्याच दिवशी पुन्हा मोजायला अजून थोडेच. कारखान्याच्या काट्याची बाबांना आठवण झाली तर सांगा, इथे काटा मारत नाहीत. तिथे पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर असं तीन पट्ट्यांवर वेगवेगळं वजन येतं. तीनदा मोजायचं, सगळी माणसं आणि सामान भरून: नुसता ट्रक, मग ट्रेलर लावून पण बार सोडून, मग बार लावून. माझे आकडे देते. नुसता ट्रक पुढे 3,340, मागे 3,020. बारशिवाय ट्रेलर लावला तर पुढे 2,980, मागे 4,160, ट्रेलरच्या चाकांवर 6,160. बघा, पुढचे 360 पाउंड गेले, आणि मागे नुसती टंग नाही तर 1,140 वाढले. टंग किती, तर ट्रक 6,360 चा 7,140 झाला, म्हणजे 780, आणि ट्रेलर एकूण 6,940, म्हणजे 11 टक्के. बार लावल्यावर पुढे 3,200, मागे 3,780, ट्रेलर 6,320. गेलेल्या 360 मधले 220 परत आले, 160 ट्रेलरच्या चाकांनी घेतले. माझ्या ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर 7,050 आहे आणि मी 6,980 वर बसते, 70 पाउंड शिल्लक. म्हणून आमच्याकडे कोणी "आम्ही पण येऊ का" म्हटलं की मी वजन विचारते.

पुढचं सगळं 360 परत आणायच्या मागे लागू नका. बऱ्याच ट्रकच्या पुस्तकात निम्मंच परत आणा असं असतं, तुमच्या पुस्तकात तुमच्या मॉडेलला काय दिलंय ते वाचा आणि तेच करा. बार फार आवळले तर मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लागला की ट्रेलर ट्रकला मागून फिरवतो. काटा रोज नसतो, त्यामुळे घरी टेपने मोजायचं, जमिनीपासून पुढच्या चाकाच्या वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत. ट्रेलर लावायच्या आधी, लावल्यावर, आणि बार लावल्यावर. एक इंच वर गेलं असेल आणि बार लावल्यावर अर्धा इंच खाली आलं तर निम्मं झालं. ट्रेलरही समोरून मागे लेव्हल हवा, किंवा नाक किंचित खाली. नाक वर नको.

आमच्या डीलरने आमचा हिच रिकाम्या ट्रेलरवर, दहा मिनिटात, टेप न लावता बसवून दिला होता. बार इतके सैल की मी एका हाताने उचलून काढले. त्याचं नाव घेत नाही, पण सगळीकडे साधारण असंच चालतं असं ऐकून आहे, तेव्हा सेटिंग करून दिलंय म्हटलं तरी स्वतः मोजा.

तुमच्या रस्त्याबद्दल एक. फ्रिस्कोहून कोलोरॅडो म्हणजे बहुतेक हायवे 287 ने अ‍ॅमरिलो, मग रॅटन पासचा घाट. पॅनहँडलमध्ये, म्हणजे टेक्सासच्या उत्तर टोकाला, आडवा वारा फार, 28 फुटी ट्रेलर म्हणजे रस्त्यावर आडवं धरलेलं शीड. सकाळी लवकर निघा, वारा दुपारी चढतो. आणि ट्रेलरचे टायर बघा, एसटी (स्पेशल ट्रेलर) लिहिलेल्या पुष्कळ टायरना 65 मैलांचीच मर्यादा असते, टेक्सासची पाटी 75 म्हणत असली तरी.

प्रश्न: अँडरसन, इक्वलायझर आणि प्रोप्राइड यात आमच्या घरात भांडण चालू आहे. मी इक्वलायझर म्हणते, मुलगा म्हणतो त्याचा आवाज फार होतो, आणि मिस्टरांना एकदम तीन हजार डॉलरचा प्रोप्राइड हवाय. ट्रेलर भरून 6,000, टंग 750, ट्रक पाऊणटनी.
(फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर: मुलाचं खरं आहे, आवाज होतो. पार्किंग लॉटमध्ये वळताना असा काही करकरतो की सगळे वळून बघतात, जुन्या वाड्याचा दरवाजा उघडल्यासारखा. बार ब्रॅकेटवर घासतो तिथला आवाज असतो तो, आणि घासतो म्हणूनच तर ट्रेलरची शेपटी हलत नाही. जिथे ग्रीस लावायला पुस्तकात सांगितलंय तिथे लावा, बाकी आवाज बंद करायच्या भानगडीत घासायच्या जागा गुळगुळीत करू नका. मला आता तो आवाज ऐकू आला की बरं वाटतं.

अँडरसनमध्ये स्प्रिंग बार नाहीत, साखळ्या आणि युरेथेनचे बुश आहेत. हलका आहे, आवाज नाही, हात काळे होत नाहीत, ज्याला पाठीचा त्रास आहे त्याला मी तो सुचवते. पण टंग जड असली की त्याला पुढच्या चाकांवर पुरेसं वजन परत आणताना दम लागतो, हे माझं मत, काट्यावर बघून झालेलं. तुमचा ट्रक पाऊणटनी आहे, त्याचं बूड एवढं बसतही नाही, त्यामुळे तुम्हाला चालून जाईल.

प्रोप्राइड आणि हेन्स्ली नावाचा दुसरा हिच ही एकाच माणसाची डोक्यालिटी आहे, जिम हेन्स्ली. बाकीचे सगळे हिच स्वे सुरू झाला की घर्षणाने तो दाबतात, हे दोन तो सुरूच होऊ देत नाहीत. जोडाची भूमितीच अशी आहे की ट्रेलरचं वळणं ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या जवळून झाल्यासारखं होतं, जणू बॉल बंपरच्या मागे नसून पुढे आहे, त्यामुळे बाजूने ट्रक गेला तरी ट्रेलर एकटा हलू शकत नाही. काम चोख करतात, यात वाद नाही. पण जड आहेत, आणि ट्रेलर जोडताना ट्रक अगदी सरळ रेषेत मागे घ्यावा लागतो, अंधारात, पावसात, नवरा मागे उभा राहून "अजून, अजून, थांब थांब" ओरडत असताना. तुमच्या 6,000 च्या ट्रेलरला आणि पाऊणटनी ट्रकला एवढी गरज नाही. ट्रक लहान, ट्रेलर 30 फुटाच्या वर आणि वर्षातले चार महिने रस्त्यावर असं असेल तर मीही घेईन. मिस्टरांना सांगा उरलेल्या पैशात चांगला ब्रेक कंट्रोलर आणि ट्रेलरच्या टायरचे प्रेशर सेन्सर घ्या. आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर असताना 55 च्या वर जायचं नाही हा कायदा आहे, त्यामुळे तिथे तरी तुमच्या भांडणातली निम्मी हवा निघाली.

प्रश्न: आमच्याकडे सात सीटर एसयूव्ही आहे, टोइंग 5,000 पाउंड. ट्रेलर भरून 4,300. मित्राने त्याचा जुना हिच दिलाय, त्याला बाजूला एक वेगळा घर्षणाचा दांडा आहे. तो रिव्हर्स घेताना काढायचा म्हणतात, खरं का? बॅन्फला जातो आम्ही, कधीकधी सप्टेंबरअखेर बर्फ लागतो.
(कॅल्गरी, आल्बर्टा)

उत्तर: खरं. तो दांडा ट्रक आणि ट्रेलरमध्ये घासत आतबाहेर होतो, रिव्हर्समध्ये कोन मोठा झाला की वाकतो किंवा तुटतो. कॅम्पसाइटमध्ये वळायच्या आधी उतरून काढायचा, कंटाळा आला तरी. बर्फात आणि निसरड्यावर तो सैल करा किंवा काढून ठेवा, कारण वळणावर तो ट्रेलरला सरळच ठेवायला बघतो आणि पुढच्या चाकांना पकड नसली की गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाते.

पण त्याच्या आधी गाडीचं पुस्तक काढा आणि टोइंगच्या पानावर वेट डिस्ट्रिब्युशन चालतं की नाही ते वाचा. काही एसयूव्हींना कंपनी नको म्हणते, ती रचनाच तो ताण घ्यायला केलेली नसते. पुस्तकात नको असेल आणि टंगची मर्यादा 500 असेल तर तुमचं 4,300 चं 13 टक्के 560 होतं, तिथेच विषय संपला. मित्राला हिच परत द्या, जेवायला बोलवा.

प्रश्न: बॉल दोन इंची आहे आणि कपलरवर, म्हणजे टंगच्या टोकाला बॉलवर बसते त्या वाटीवर, 2 5/16 लिहिलंय. बसतो व्यवस्थित, लॅच पण लागते. चालेल ना?
(एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: नाही. नाही चालणार. लॅच लागते म्हणूनच तर धोका आहे, सगळं बरोबर वाटतं आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात कपलर बॉलवरून उडतो. आजच 2 5/16 चा बॉल आणा, त्यावर पाउंडात मर्यादा कोरलेली असते ती ट्रेलरच्या जीव्हीडब्ल्यूआरच्या वर हवी. नट हाताच्या जोरावर आवळू नका, सव्वा इंची दांड्याच्या बॉलला टॉर्क चारशे फूट-पाउंडाच्या पुढे लागतो, घरातल्या पान्याने होत नाही, ट्रकच्या गॅरेजमध्ये जाऊन आवळून घ्या.

आणि प्रत्येक वेळी लॅच लावून पिन घातल्यावर टंगचा जॅक फिरवून बघा. ट्रेलरबरोबर ट्रकचं बूड पण वर उचललं गेलं तर बॉल पकडलाय. नुसतीच टंग वर आली तर नाही पकडला, आणि ते तुम्हाला ड्राइव्हवेत कळलं, हायवेवर नाही. मग सुरक्षेच्या साखळ्या कपलरच्या खालून एकमेकींना फुली मारून अडकवा, म्हणजे सुटलीच तर टंग त्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. ब्रेकअवेची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) वायर साखळीला नाही, ट्रकलाच अडकवायची. सात पिनांचा प्लग शेवटी, आणि निघताना गल्लीतच वीसच्या स्पीडला ब्रेक कंट्रोलरची ती हाताची पट्टी एकदा दाबून बघा, ट्रेलरने मागून ओढलं पाहिजे. नाही ओढलं तर घरी परत या.

पुढच्या अंकात ट्रेलरचे टायर घेते, फ्रिस्कोवाल्यांनी तोवर काट्याची पावती पाठवावी, बाबांनी वाचून दाखवली तर अजून चांगलं.